प्रोसेसरचा नवा कूलर बसवला अन् पीसीच बसला, स्क्रीनवर काहीच येईना?

घाबरू नको भावा, प्रोसेसर एवढ्यानं जळत नसतो. बटण बंद करून आधी मदरबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) पॉवरची वायर दाबून बघ. कूलर बसवताना हात लागून बऱ्याचदा तीच ढिली होते. मग एकच रॅम लावून चालू कर. तरी अंधारच? कूलरचे स्क्रू जरा सैल कर. माझ्या परभणीच्या पीसीत एक कोपरा जास्त आवळल्यानं एक रॅम दिसतच नव्हती, दोन रात्री गेल्या राव!

एएम४ (एएमडीच्या प्रोसेसरचं सॉकेट, यात पिना प्रोसेसरलाच असतात) असेल तर जुना कूलर सरळ वर उपटलास का? मधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरही वर येतो अन् पिना वाकतात. मोबाइलच्या टॉर्चनं तिरपं बघ. वाकलेली पिन रांगेतून लगेच वेगळी दिसते.