सॉसेज तव्यावर का फुटते?

प्रश्न : मे महिन्यातल्या एका दुपारी डुकराच्या खिम्याचे न्याहारीचे सॉसेज मी घरी केले; पण तव्यावर टाकताच चरबी वाहून गेली आणि टिक्क्यांचा भुगा झाला. काय चुकले असावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोष मसाल्याचा नसून दुपारचा आहे. नागपुरात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना ओट्यावरची चरबी पाहता पाहता मऊ पडते आणि मांसात मिसळण्याऐवजी त्यावर नुसती माखली जाते. म्हणून मांस, चरबी आणि खिमायंत्राचे पातेसुद्धा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावे. एक किलो खिम्यात, ज्यात चरबी पाव हिश्शाहून किंचित अधिक असावी, १५ ते १८ ग्रॅम मीठ आणि थोडे बर्फाचे पाणी घालून तो इतका मळावा, की तळहात उलटा केला तरी चिकटलेला गोळा पडू नये. मिठाने सुटलेली मांसातील प्रथिनेच सर्व काही धरून ठेवतात. मसाला सेज या सुगंधी वनस्पतीची वाळलेली पाने, मिरी आणि जायफळ एवढाच. सावजी मसाल्याचा मोह आवरावा, नाहीतर न्याहारीलाच घाम फुटेल. मिठाचा अंदाज कच्चे चाखून न घेता एक टिक्की तळून घ्यावा. मध्यभाग ७१ अंश सेल्सिअस होईपर्यंत मंद आचेवर भाजावे. फ्रीजमध्ये कच्चे मिश्रण दोन दिवसच ठेवावे, उरलेले गोठवावे.