खुर्ची माझी, पण माणसे आप्पांच्या टेबलाशी

"मुख्याध्यापिका झाले खरी, पण शाळेत माझा शब्द चालत नाही. माझ्यातच काही कमी असेल का?" हा प्रश्न घेऊन बाई माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या, तेव्हा त्यांना पदभार स्वीकारून आठ महिने झाले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, त्यांच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे. शाळा खाजगी अनुदानित, पद सेवाज्येष्ठतेने मिळालेले आणि पाठीशी सव्वीस वर्षे गणित शिकवल्याचा अनुभव; तरीही शिक्षकसभेत ठरलेली गोष्ट दोन दिवसांत परस्पर बदललेली असे, आणि बाईंना पहाटे तीनला जाग येऊन दिवसभरातली बोलणी पुन्हा ऐकू येत.

पदोन्नतीनंतर अशी तक्रार घेऊन येणारी माणसे बहुधा स्वतःला दोष देतात, नाहीतर एखाद्याला खलनायक ठरवतात. बाई दोन्ही करत होत्या. वरिष्ठ लिपिक, ज्यांना सगळी शाळा आप्पा म्हणे, त्यांनी शिक्षकांना फितवले आहे अशी त्यांची खात्री झाली होती, आणि कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा त्यांच्या पर्समध्ये तयार होता.

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि पदांची उतरंड न काढता, काम अडले की कोण कोणाकडे जाते, तेवढेच बाणांनी दाखवायला सांगितले. एकेक शिक्षक आठवत त्या बाण काढत गेल्या, तशी आप्पांच्या टेबलाभोवती शाई दाट होत गेली. मग त्या थांबल्या आणि स्वतःच्या नावापासून आणखी एक बाण त्यांनी तिकडेच नेला. संस्थेच्या अध्यक्षांना फोन करण्यापूर्वी, "साहेबांचा आज मूड कसा आहे?" असे त्या स्वतःही आप्पांनाच विचारत असत.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए यांनी फ्रान्समधील सरकारी तंबाखू कारखान्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असेच चित्र दिसले होते. तेथे जवळजवळ सगळे नियमांनी बांधलेले होते. यंत्र कधी बंद पडेल, एवढेच कोणाला सांगता येत नसे. दुरुस्तीचे ज्ञान फक्त देखभाल कामगारांकडे होते आणि ते लिखित स्वरूपात इतरांच्या हाती लागू दिले जात नव्हते, त्यामुळे कागदावरच्या पदापेक्षा त्यांचे वजन कितीतरी अधिक होते. बाईंच्या शाळेत शालार्थ या शाळांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरचे वेतन देयक, सेवापुस्तकातील नोंदी, बारा वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा आणि चोवीस वर्षांनंतरच्या निवडश्रेणीचा प्रस्ताव हे सगळे आप्पांच्या हातून जाई. त्रुटी निघून फाइल परत आली की ती कशी मार्गी लावायची, हेही त्यांनाच ठाऊक होते. ज्याचा प्रस्ताव त्या टेबलावर पडून आहे, तो शिक्षक सभेत कोणाकडे पाहून मान डोलावणार?

मी नोटिशीच्या विरोधात होतो. नोटिशीने आप्पा दुखावले असते आणि अवलंबित्व जिथल्या तिथे राहिले असते. देयकावर सही बाईंचीच असे, पण त्या ते वाचत नसत. आपल्याला समजत नाही हे आप्पांना कळेल, या संकोचाने. आमचे तीन तास या एका संकोचावरच गेले, आणि ते योग्यच होते असे मला वाटते.

त्यानंतर बाई देयक तयार होताना आप्पांच्या शेजारी बसू लागल्या. "तुम्ही कशाला त्रास घेता, बाई? सही करा फक्त," असे म्हणत दोन महिने त्यांनी टाळले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी खणातून एक जुनी डायरी काढली, जिच्यात प्रत्येकाच्या वेतनवाढीची तारीख पेन्सिलने लिहिलेली होती. प्रलंबित प्रस्तावांचा तक्ता आता शिक्षकखोलीत लागतो आणि आपली फाइल कुठे आहे हे ज्याचे त्याला दिसते.

पैशांची मागणी किंवा छळ होत असेल, तर मात्र हा मार्ग सुचवणे मी चूक मानतो. तेथे लेखी तक्रारच हवी, आणि लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे जायला हवे.

बाईंना आता झोप लागते. दोन ज्येष्ठ शिक्षक अजूनही आधी आप्पांकडे जातात, आणि अध्यक्ष शाळेचे निरोप थेट आप्पांनाच देतात. मागच्या भेटीत आम्ही त्यावरच काम केले. "साहेब, शाळेचे निरोप माझ्याकडे द्यावेत, आप्पांना मी सांगेन," हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर चार वेळा म्हणून पाहिले. शनिवारच्या बैठकीनंतर त्या ते अध्यक्षांशी बोलणार आहेत.