मोरीला वास येतोय? आधी पाणी बघा

प्रश्न : काका, आम्ही कोथरूडला जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. उन्हाळ्यात मुलाकडे बंगळूरला जाऊन आलो, तर दार उघडताच नासक्या अंड्यांसारखा वास. पाहुण्यांच्या बाथरूममधून येतो. डांबराच्या गोळ्या, फिनेल, शेवटी ॲसिडसुद्धा ओतून झालं. दोन दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच. सकाळी सिंकलाही वास मारतो. प्लंबर फरशी फोडायला सांगतोय. फोडू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : इतक्यात नको. प्लंबरला म्हणावं, आधी जाळी उचल आणि बॅटरी मारून आत बघ.

जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम उभं राहायला हवं. ड्रेनेजचा वायू आणि तुमचं नाक यांच्यामध्ये एवढं पाणीच काय ते आडवं असतं. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली संडासाच्या बाकदार पाइपाचं पेटंट घेतलं, त्यातली मेख हीच. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत न वापरलेल्या मोरीतलं हे पाणी आटतं आणि वास मोकळा वर येतो.

पण तुमचा वास दोन दिवसांत परत येतोय. नुसतं आटण्याचं दुखणं असतं, तर बादलीभर पाण्यावर काही आठवडे तरी निभलं असतं. तेव्हा रात्री पाणी ओता, कुठवर आलंय ते बघून ठेवा आणि मोरी न वापरता सकाळी पुन्हा बघा.

पातळी उतरली असेल तर ट्रॅपला चीर आहे, किंवा वरच्या मजल्यावर फ्लश केला की तुमचं पाणी ओढलं जातंय. फ्लशच्या वेळी मोरीत गुडगुड आवाज येतो का, कान देऊन ऐका. येत असेल तर गच्चीवर जा. तिथे व्हेंट पाइपचं तोंड उघडं असतं. पाइपात हवा शिरावी म्हणून. ती मिळाली नाही, की फ्लशचं पाणी जाताना तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. कबुतराचं घरटं नाहीतर वॉटरप्रूफिंगवाल्याने कोंबलेलं फडकं तिथे सापडलं, तर काम सोसायटीचं. तुमची फरशी वाचली.

पाणी जागच्या जागी असूनही वास येत असेल, तर आतली वाटी बघा. काही जुन्या ट्रॅपमध्ये पाणी अडतं ते या उपड्या वाटीमुळे. पण केस अडकून पाणी तुंबलं की कुणीतरी ती काढतं, धुऊन खिडकीत ठेवतं आणि ती तिथेच राहते. पुण्यातल्या बऱ्याच घरांचा वास असा खिडकीत सापडतो! हरवलीच असेल तर जाळीचं माप घेऊन बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जा. वाशिंग मशीनचा पाइप जाळीच्या भोकात नुसता खुपसलेला असेल, तर त्याच्या भोवतीची फटही रबरी बुचाने बंद करा. फरशी फोडायची ती ट्रॅपलाच चीर निघाली तर.

सिंकचं दुखणं वेगळं. तिथे तेलाचा, तुपाचा थर पाइपाला आतून चिकटतो आणि त्यात खरकटं कुजतं. सिंकखाली बादली ठेवा, पाइपावरच्या बाटलीसारख्या बॉटल ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून सोडवा. आत जे निघेल ते बघून जेवण जाणार नाही, म्हणून हे काम जेवणानंतर करा. भांड्यांच्या साबणाने घासा, वॉशर नीट बसवून परत आवळा. वरून कढत पाणी ओतलं तर चालेल, उकळतं नको. पीव्हीसी पाइप मऊ पडतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की फेस छान येतो, पण दोघं एकमेकांनाच मारतात, थराला फारसं काही होत नाही.

ॲसिड मात्र बंद करा. ते सिमेंटचे सांधे खातं. त्यावर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. सोसायटीचा चेंबर तुंबला असेल तर त्यात माणूस उतरवू नका, जोराच्या पाण्याने गटार साफ करणारी जेटिंगची गाडी बोलवा. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि तिथला हायड्रोजन सल्फाइड क्षणात माणसाला पाडतो.

पुढच्या वेळी बंगळूरला निघताना प्रत्येक मोरीत पाणी ओता आणि त्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तेल तरंगतं, खालचं पाणी लवकर आटत नाही. गोडेतेल चालेल, त्यासाठी खोबरेल वाया घालवू नका.