इरिओमोते बेटावर एकाच दिवसात खारफुटीतली कयाक आणि स्नॉर्केलिंग जमतं का?

तुम्ही विचारलंय की जपानच्या इरिओमोते बेटावर गाइडसोबतची एक दिवसाची सहल (सकाळी खारफुटीत कयाक, दुपारी स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क लावून, नळीने श्वास घेत समुद्रावर पालथं तरंगणं) पोहता येत नसताना घ्यावी का. मी जूनच्या शेवटी घेतली होती. पोहता मलाही येत नाही, आणि जमलं. मात्र तो सगळा दिवस भरती-ओहोटीच्या हातात असतो. बुकिंग करताना फोटो आणि दर बघण्याआधी ‘त्या दिवशी भरती किती वाजता आहे?’ हे विचारा. ज्याला याचं उत्तर चटकन देता येत नाही त्याच्याबरोबर मी जाणार नाही.

आमच्या गाइडने आदल्या संध्याकाळी निरोप धाडला की नऊला नाही, साडेसातला या. मला जिवावर आलं होतं. कारण सकाळी कळलं. हिनाई नदीतून वर जायचं तर पाणी चढतं असावं लागतं. आम्ही वल्ही न मारताही कयाक आत सरकत होती. परतताना पाणी बरंच उतरलं होतं, आणि उशिरा निघालेला एक गट पोटरीभर चिखलात उतरून कयाक ढकलत होता. त्यांनीही पैसे आमच्याएवढेच भरले असणार!

नदीतला तो पाऊण तास माझ्यासाठी दिवसाचा सगळ्यात चांगला भाग होता. जपानमध्ये सापडणाऱ्या खारफुटीच्या सातही जाती या बेटावर आहेत, पण पाहणाऱ्याने दोन ओळखल्या तरी पुरे. खोडापासून कमानीसारखी मुळं पाण्यात रोवून उभी असते ती कांदळाची जात. आणि जिची मुळं चिखलातून गुडघे दुमडल्यासारखी वर येतात ती दुसरी, तिथे तिला ओहिरुगी म्हणतात. तिची बी झाडावर असतानाच रुजते आणि हिरव्या शेंगेसारखं लांबट रोप खाली गळून पडतं. भरतीला पडलं तर वाहत जाऊन दूर कुठेतरी रुजतं, ओहोटीला पडलं तर कधी आईच्या पायाशीच चिखलात उभं रुततं. गाइडने असं एक तरंगणारं रोप उचलून माझ्या हातात दिलं आणि पुन्हा पाण्यात सोडायला लावलं. चिखलावर निवटे उड्या मारत होते. वल्हं थांबवलं की चिखलातून येणारे टिकटिक, बुडबुड असे बारीक आवाज ऐकू येतात, म्हणून गप्पिष्ट गटात जाऊ नका.

कयाक मुळांना बांधून पुढे चालत पिनाइसारा धबधबा. उंची ५५ मीटर, ओकिनावा प्रांतातला सर्वांत उंच. नावाचा अर्थ साधारण ‘लोंबती दाढी’, आणि खालून पाहिलं की पटतो. वाट निसरडी आहे, मुळांवरून पाय घसरतो. गाइड देतात ते नदीचे बूट मुकाट्याने घाला. जेवणात बहुतेक वेळा सोबा (रश्श्यातल्या नूडल्स) मिळतो आणि त्याच्या रश्श्यात डुकराचं मांस असतं, त्यामुळे शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, धबधब्याशी पोचल्यावर नाही. मार्च २०२५ पासून पिनाइसारासारख्या काही ठिकाणी दिवसाला ठरावीक माणसांनाच, तेही परवानाधारक गाइडसोबतच जाता येतं. स्वतःच कयाक भाड्याने घेऊ, हा विचार सोडा.

दुपारी उएहारा बंदरातून बोटीने बारासू. हे नुसतं मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचं बेट, वादळागणिक आकार बदलतं. ओहोटीमुळे आम्हाला ते चांगलं वर आलेलं मिळालं. सावलीला एक झुडूपही नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट नसेल तर पाठ भाजून निघते, कारण तासभर तुम्ही पालथेच असता.

पोहता न येण्याची अडचण वाटते तितकी नाही. लाइफ जॅकेट तुम्हाला बुडू देत नाही आणि तुम्ही धरलेली तरंगती रिंग गाइड ओढत नेतो. खरी अडचण तोंडाने श्वास घेण्याची. पहिली पाच मिनिटं मी नाकाने श्वास घ्यायला गेले आणि मास्कमध्ये धुकं, डोक्यात घबराट. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फक्त श्वासाचा सराव करून घ्या, त्याआधी खोल पाण्यात नेऊ देऊ नका. चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबरचा मास्क आहे का ते आधीच विचारा. मी विचारलं नव्हतं, म्हणून अर्धा समुद्र मी रंगीत डाग म्हणून पाहिला. सोबत मिशीवाले कोणी असेल तर त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरणारच.

प्रवाळाकडून फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका. इरिओमोते आणि इशिगाकी यांच्यामधल्या सेकिसेई लगूनमधलं सुमारे ७० टक्के प्रवाळ २०१६च्या उष्ण पाण्यानंतर मेलं. बारासूजवळ जिवंत पट्टे आहेत, त्यांत मासेही भरपूर दिसले, पण जाहिरातीतल्या फोटोसारखं सगळीकडे नाही. प्रवाळावर पाय टेकू नका. तिथल्या उन्हाळ्यात हाबू-कुरागे नावाचा विषारी जेलीफिश असतो. त्याच्या डंखावर ओतायला बोटीवर व्हिनेगर आहे ना ते पाहून घ्या.

बेटावर विमानतळ नाही, इशिगाकीहून फेरीने यावं लागतं. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की उएहाराच्या फेऱ्या रद्द होतात आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला, ओहाराला उतरून बसने यावं लागतं. जुलै ते सप्टेंबर वादळांचा काळ. शेवटची फेरी संध्याकाळी लवकर सुटते, म्हणून शक्य असेल तर बेटावरच एक रात्र राहा. माझ्याकडून दिवसाचे बारा हजार येनच्या आसपास घेतले होते, फेरीचं भाडं वेगळं.

आणि हो, इरिओमोतेचं रानमांजर दिसेल का असंही विचारलंय. त्या जातीची मांजरं जगात फक्त याच बेटावर आहेत, शंभरच्या आसपास, आणि रात्री बाहेर पडतात. मला रस्त्याकडेला त्यांच्या चित्राच्या, ‘हळू चालवा’ सांगणाऱ्या पाट्या तेवढ्या दिसल्या.