मायलिन गेलं की चेतापेशीच्या जनुकांना ते कळतं का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे. डॉक्टर म्हणाले, चेतापेशींच्या लांब तंतूंवरचं मायलिनचं आवरण जातंय. तुमचा प्रश्न असा: तंतू तुटला तर पेशीला कळेल, पण नुसतं वरचं आवरण गेलं तर तिच्या जनुकांना त्याचा पत्ता लागतो का?

लागतो. आणि तंतू तुटल्यावर खबर ज्या वाटेने जाते, पुष्कळदा त्याच वाटेने. मी काही वर्षं उंदरांच्या दृष्टिचेतेवर, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेवर, काम केलंय, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देते.

आधी अंतर लक्षात घ्या. पायाच्या अंगठ्याची संवेदना आणणाऱ्या पेशीचं केंद्रक, जिथे तिची जनुकं असतात ते, कमरेजवळ असतं. जखम पावलात, जनुकं जवळजवळ एक मीटर लांब. तंतूमध्ये डीएलके नावाचं प्रथिन असतं. इजा झाली की ते जागं होतं, जेएनके या दुसऱ्या प्रथिनाला उठवतं, आणि डायनिन हे वाहक प्रथिन तो निरोप ओढत केंद्रकापर्यंत नेतं. तिथे सी-जून आणि एटीएफ३ ही जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं ताबा घेतात. संदेश पोचवण्याची रोजची कामं मागे पडतात, गॅप-४३ सारखी वाढीची जनुकं जोरात चालू होतात.

हातापायांतल्या चेतांमध्ये यामुळे तंतू पुन्हा वाढतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. डोळ्याच्या पडद्यातल्या ज्या पेशींच्या तंतूंची दृष्टिचेता बनते, त्यांना मात्र हीच हाक मारून टाकते. उंदराची दृष्टिचेता चिरडली तर दोन आठवड्यांत यांतल्या बहुतेक पेशी मरतात. २०१३ मध्ये डीएलकेचं जनुक काढलेल्या उंदरांत त्या पेशी वाचल्याचं दिसलं, पण तंतू पुन्हा वाढवण्याची त्यांची धडपडही थांबली. तो निबंध वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसले होते. तंतू वाढवणारी आणि पेशी मारणारी कळ वेगवेगळी असेल, असंच मी तोवर धरून चालले होते.

आता मायलिन. ते जातं तेव्हा तंतू सलग असतो, पण त्याची उपासमार होते. मायलिन बनवणाऱ्या पेशी त्याला लॅक्टेट हे इंधन पुरवतात, तो पुरवठा तुटतो. सोडियम चॅनल, म्हणजे सोडियम आत सोडणारी दारं, एरवी मायलिनच्या मधल्या उघड्या फटींमध्ये दाटीने असतात, ते आता तंतूभर पसरतात. आत शिरणारं सोडियम बाहेर फेकायला जास्त ऊर्जा लागते. जनुकंही गप्प बसत नाहीत: एमएसच्या रुग्णांच्या लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशींत एरवी तिथे नसणारा एक सोडियम चॅनल सापडला होता.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं काम २०२४ मधलं आहे. दोन प्रकारचे उंदीर घेतले. दोघांचंही मायलिन गेलं, पण एकात ते परत आलं आणि दुसऱ्यात येऊ शकलं नाही. जिथे आलं नाही तिथे पडद्यातल्या पेशींत डीएलके आणि सी-जूनची हाक चालूच राहिली आणि पेशी मरू लागल्या. जिथे आलं तिथे हाक शमली, पेशी टिकल्या. म्हणजे पेशी लगेच मरत नाही, वाट बघते. मला यात फार मोठा दिलासा वाटतो.

मग डीएलकेच का रोखू नये? एएलएस या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरण्याच्या आजाराच्या रुग्णांवर तसं औषध तपासून झालंय. दुष्परिणामांमुळे ते दीर्घकाळ देणं शक्य झालं नाही. शरीराला डीएलके इतर कामांसाठीही लागतं. आजची एमएसची औषधं प्रतिकारशक्तीचा मायलिनवरचा हल्ला आवरतात, गेलेलं मायलिन भरून काढणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. म्हणून बहिणीला बरं वाटतंय म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चुकवू देऊ नका. प्रत्येक टळलेला हल्ला म्हणजे ती हाक न गेलेले हजारो तंतू.

तिला कधी एका डोळ्याने अंधुक दिसलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिसलं असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना ओसीटी या डोळ्याच्या स्कॅनबद्दल विचारा. काही मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे. पडद्यातल्या याच पेशींचा आणि त्यांच्या तंतूंचा थर किती जाड उरलाय ते त्यात मोजता येतं.