थकीत कर्जं की रोखीची चणचण, बँकेला आधी काय बुडवतं?

बहुतेक वेळा रोखीची चणचण. कर्जं थकली की तोटा आधी नफ्यातून, मग भांडवलातून वळता होतो. हे पोखरणं वर्षानुवर्षं चालू शकतं. रोख आटली तर दोन दिवसही पुरतात. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचंच बघा. मार्च २०२३ मध्ये तिने रोखे (ठेवींचा पैसा गुंतवलेले कर्जरोखे) विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला. ९ तारखेला, एकाच दिवसात, ठेवीदारांनी ४२ अब्ज काढायला घेतले. दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं! आणि तिची कर्जं फारशी थकलेलीही नव्हती, व्याजदर वाढल्याने रोख्यांचे भाव पडले होते. एरवी या दोन जोखमी एकमेकींना ओढतात: थकबाकीची कुणकुण लागताच ठेवी निघतात, रोखीसाठी चांगली मालमत्ता पडत्या भावात विकावी लागते, आणि तो तोटा पुन्हा भांडवलच खातो.