शिवी कुणाला पडली ते ऐक

काय बे,

तुझ्या लगोरीच्या गेमचा नवा बिल्ड (म्हणजे तपासायला दिलेली आवृत्ती) शनिवारी रात्रीच फोनवर टाकला आणि रविवारी दुपारी भाच्याला अन् त्याच्या तीन दोस्तांना घरी बसवलं खेळायला, बाहेर ४२ डिग्री, आत पंखा नुसता गरम हवा फिरवतोय, अन् मी मागं खुर्ची टाकून वही घेऊन बसलो. स्क्रीनकडं मी फारसं बघितलंच नाही. पोरांच्या शिव्या लिहून घेत होतो. एकूण ३१ झाल्या तासाभरात, त्यातल्या १४ एकमेकांना, ६ स्वतःला आणि ११ तुझ्या गेमला. वाईट वाटून घेऊ नको, पुढं वाच.

तू विचारलंस की चेंडू लागला की ४० सेकंद बाहेर बसावं लागतं, त्यानं सगळे वैतागतात, तर ते काढून टाकू का, लागल्या लागल्या परत आत सोडू का. आणि त्याच मेसेजच्या शेवटी जाता जाता लिहिलंयस की पैसे घालणारे म्हणतायत एनर्जी टाका, पाच मॅच झाल्या की २० मिनिटं थांब नाहीतर १० रुपये भर. मला विचारशील तर तू उलटं धरलंयस सगळं. ते ४० सेकंद गेममधे राहू देत, अन् ती एनर्जी येऊ देऊ नको.

माझा गेमिंगचा कॅफे तुला आठवत नसेल, तू लहान होतास, आपल्या सोलापुरात नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत आठ कॉम्प्युटर होते, त्यातले दोन कायम बंद, तासाला २० रुपये. सगळी पोरं काउंटर स्ट्राइक १.६ वर, दोन टीमचा बंदुकीचा गेम. त्यात मेलास की मेलास, राउंड संपेपर्यंत गप बसायचं. मला आधी वाटायचं हे काय येड्यासारखं, पैसे देऊन पोरगं बसून राहतंय, पण मग बघायला लागलो की मेलेलं पोरगं करतंय काय. ते उठून शेजारच्याच्या खुर्चीमागं जाऊन उभं राहायचं अन् ओरडायचं, डावीकडं बघ बे, डावीकडं! (स्पर्धेत ह्याला चिटिंग म्हणतात, आमच्याकडं ह्याला मैत्री म्हणायचे.) त्या दीड-दोन मिनिटांत ते दुसऱ्याचा खेळ बघून जे शिकायचं ते स्वतः खेळून शिकलं नसतं. आणि मरायची भीती होती म्हणूनच पाय न वाजवता चालणं, कोपऱ्याला थांबणं, ह्या सगळ्याला अर्थ होता. लगेच जिवंत करणारा डेथमॅचही खेळायची पोरं, हात गरम करायला दहा मिनिटं, पण रात्री चहाच्या टपरीवर त्याची गोष्ट कुणी सांगितलेली मी ऐकली नाही.

आणि बघ, तो गेम नुसता मारत नाही, सावरतो पण. बंदुका घ्यायला सुरुवातीला गेममधले ८०० डॉलर, राउंड हरलात तर १४००, परत हरलात तर १९००, असं चढत चढत ३४०० पर्यंत. एडब्ल्यूपी, म्हणजे लांबून नेम धरायची भारी बंदूक, ४७५० ची. म्हणजे सलग हरणाऱ्या टीमलाही दिसत असतं की अजून एखादा राउंड दम धरला की बंदूक येते हातात. कानफटात मारून खिशात पैसे ठेवल्यासारखं आहे हे, पण पोरगं उठून जात नाही. तुझ्या लगोरीत हे नाहीये बघ. जे सलग तीनदा हरले ते चौथ्यांदा पण तितक्याच ताकदीनं हरतात.

आता एक गोष्ट सांगतो जी मी कुणाला फारशी सांगत नाही. कॅफेत टायमरचं सॉफ्टवेअर होतं, ६० मिनिटं झाली की स्क्रीन लॉक, अन् पाच मिनिटं आधी एक सूचना यायची. एकदा ती सूचना कशानं तरी बंद पडली आणि माझ्या लक्षात आलं की भर राउंडमधे लॉक पडला की पोरगं काही विचार न करता १० रुपये काढून देतंय, अण्णा लवकर उघडा, लवकर, बॉम्ब लागलाय! मग मी ती सूचना दुरुस्त केलीच नाही. गल्ला वाढला ना बे, चांगला वाढला. दोनेक महिन्यांनी पोरं कमी व्हायला लागली, मला वाटलं परीक्षा असतील, मग वाटलं सात रस्त्याकडच्या कॅफेत मशिनी नव्या असतील. एक दिवस एकानं तोंडावर सांगितलं, अण्णा, तिथं राउंड संपू देतात. बास, एवढंच. मरणं त्यांना चालत होतं, रोज पन्नास वेळा मरायची पोरं, पण माझ्याकडनं मरणं चाललं नाही.

म्हणून मी शिव्या मोजतो. समोरच्याला शिवी पडली तर पोरगं उद्या येणार, येताना अजून एकाला घेऊन येणार. स्वतःला पडली तरी येणार, थोडं उशिरा. गेमला पडली की गेलं, फारतर एकदा पैसे भरून जाईल.

मोठ्या कंपन्यांना हे कळत नाही असं नाही, लई कळतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम २००४ ला आला, त्याच्या टेस्टिंगमधे जास्त वेळ खेळलं की अनुभवाचे पॉइंट अर्धे मिळायचे, म्हणजे बाबा उठ, जेव, झोप. पोरं खवळली. मग त्यांनी उलटं सांगायला सुरुवात केली, आराम करून आलास तर दुप्पट मिळतील, ते संपले की नेहमीचे. हिशोब जवळजवळ तोच, आधीचं नेहमीचं ते आता दुप्पट झालं अन् आधीचं अर्धं ते नेहमीचं, आणि लोक खूश. ही आयडिया मला आवडते पण थोडी भीती पण वाटते तिची, कारण ज्याला असं गोड बोलता येतं त्याला काहीही गळ्यात मारता येतं.

क्लॅश रॉयाल ह्या मोबाइल गेमचं तर तुला माहितीच असेल, समोरच्याला चिडवायला पाठवायचा तो हसणारा राजा, अशा चित्रांना इमोट म्हणतात. २०१६ मधे लोक म्हणत होते समोरच्याच्या इमोट म्यूट करायचं बटण द्या, कंपनी म्हणाली नाही देणार, डोक्यात जायलाच ठेवल्यात त्या, म्हणजे शब्द वेगळे होते पण मतलब हाच. अन् काही महिन्यांत त्याच वर्षी बटण दिलं. मला वाटतं दोघांचंही बरोबर होतं. हरल्यावर कुणीतरी हसलं पाहिजे, त्याशिवाय खेळ कसला, पण नको असेल तर कान झाकायची सोय पण पाहिजे.

नाहीतर तुझं ते ब्लॉक बटण. नावडता खेळाडू परत समोर येऊ नये म्हणून तू टाकतोयस ना, त्याच्याआधी ओव्हरवॉच ह्या बंदुकीच्या गेमचं ऐक. त्यांनी असंच, ह्या खेळाडूला टाळा, असं बटण दिलं होतं. विडोमेकर हे लांबून नेम धरणारं पात्र घेऊन खेळणारा एक लई भारी खेळाडू होता, लोकांनी त्याला इतकं टाळलं की त्याला मॅचच मिळेना, वाट बघत बसायचा बिचारा, गुन्हा काय तर चांगला खेळतो. २०१६ मधेच काढलं ते बटण. शिव्या देणाऱ्याला ब्लॉक करू दे खुशाल, त्याचा आवाज अन् चॅट बंद होऊ दे, पण हरवणाऱ्याला ब्लॉक करू देऊ नको.

आणि ऑक्टोबर २०१७ मधे अ‍ॅक्टिव्हिजन ह्या गेम कंपनीला एक पेटंट मिळालं, त्यात लिहिलंय की नवख्या पोराला मुद्दाम अशा तरबेज माणसासमोर टाकायचं ज्याच्याकडं विकत घ्यायची बंदूक आहे, म्हणजे मार खाऊन त्याला ती घ्यावीशी वाटेल, आणि घेतली की त्याला अशा मॅचमधे टाकायचं जिथं ती बंदूक चांगली चालते. कंपनी म्हणाली हे आम्ही कुठल्या गेममधे वापरलं नाही. नसेल वापरलं. पण ते वाचताना मला माझा बंद पडलेला टायमर आठवला, अन् तुझे पैसे घालणारे पण.

एनर्जी म्हणजे दुसरं काय रे, आपल्या नळासारखंच आहे ते. चार-पाच दिवसांनी पाणी येणार, तोवर टँकर बोलव. तू कधी ऐकलंस का की पाण्याची वाट बघून कुणी हुशार झालं? माझी आई पहाटे तीनला उठून बादल्या लावायची, तिला त्यात कधी मजा आलेली मी बघितली नाही. आपल्या गावात हे तर नळाला आहेच, आता गेममधे पण घालतोस? पैसे लागतात मला कळतं, सर्व्हरचं बिल कुणी माफ करत नाही. चेंडूचे रंग विक, कपडे विक, लगोरीच्या फरशीवर गड्ड्याच्या यात्रेचे दिवे लावून विक. कमी मिळतील, हे त्यांना आधीच सांगून टाक, नंतर सांगितलंस तर भांडण होईल.

आता कामाचं. ते ११ जे तुझ्या गेमला पडले, त्यातले ८ एकाच गोष्टीचे आहेत. पोरगं भिंतीमागं गेलेलं असतं, त्याच्या फोनवर स्पष्ट दिसतंय, तरी आऊट. तुझा सर्व्हर वेळेत थोडा मागं जाऊन, फेकणाऱ्यानं फेकताना काय बघितलं तेच खरं धरतोय, बंदुकीच्या गेममधनं उचललेलं दिसतंय. तिथं गोळी लगेच लागते म्हणून ते चालून जातं, पण चेंडूला पोचायला वेळ लागतो रे, ज्याला लागणार त्याच्या फोनवर काय दिसलं त्याला झुकतं माप दे. त्यात फसवणारे निघतील, निघू देत, तेवढे खेळाडू येऊ देत आधी. बाकीचे तीन उन्हामुळं हँग झालेल्या फोनचे आहेत, ते सोड.

आणि ४० चे २५ कर. पण बाहेर बसलेल्याला काळ्या पडद्याकडं बघत ठेवू नको, त्याला सोबत्याच्या मागं उभं कर, चेंडू कुणाकडं आहे ते बोट दाखवून सांगायला दे. खरी लगोरी खेळलायस ना तू? आऊट झालेलं पोरगं कट्ट्यावर बसून काय करतं? गप बसतं का ते कधी?

सगळ्यात जास्त हरलेलं पोरगं जाताना विचारत होतं, मामा, परत कधी आहे. मी गुरुवार सांगितलंय. त्या दिवशी पाणी यायचंय त्यामुळं सकाळी मी घरीच आहे, नवा बिल्ड घेऊन ये, चार्जर आण, अन् शेंगा चटणी आणू नको, मागची अजून संपली नाही.

तुझा,
अण्णा